ल्योंची ब्रास्री जॉर्ज : बिअरच्या कारखान्यात मांडलेली पंगत

फ्रेंच भाषेत ‘ब्रास्री’ म्हणजे मुळात बिअर बनवण्याचा कारखाना. भोजनगृह हा अर्थ त्या शब्दाला मागाहून मिळाला. हा बदल एकाच वास्तूत पाहायचा असेल, तर फ्रान्समधील ल्यों शहरातील ब्रास्री जॉर्जइतके बोलके उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

जर्मनीच्या सीमेलगतच्या आल्सास प्रांतातून आलेल्या जॉर्ज हॉफेर या बिअर-उत्पादकाने ती १८३६ साली पेराश भागात सुरू केली. रोन आणि सोन नद्यांमधील ही जमीन दलदलीची होती आणि अठराव्या शतकात आंत्वान-मिशेल पेराश यांनी आखलेल्या योजनेनुसार भराव घालून, संगम दक्षिणेकडे सरकवून ती शहराला जोडली गेली होती. शेजारचे रेल्वे स्थानक १८५०च्या दशकातले, म्हणजे ब्रास्रीहून धाकटे. भोजनदालनाचे सुमारे ७०० चौरस मीटरचे छत मधल्या एकाही खांबाविना फर वृक्षाच्या प्रचंड तुळयांवर तोललेले आहे. रेशीम विणकरांच्या ल्योंमध्ये ‘बुशों’ नावाच्या चिंचोळ्या खाणावळींचीही परंपरा आहे, आणि त्यांच्या तुलनेत शेकडो माणसांना एका छताखाली बसवणारे हे दालन अगदी निराळ्या वृत्तीचे वाटते.

बिअरसोबत आल्सासचे खाणेही आले. बारीक चिरलेला कोबी मिठात मुरवून आंबवायचा, मग शिजवून त्यावर सॉसेज, डुकराचे मांस आणि बटाटे मांडायचे, हे ‘शुक्रूत’ आजही ब्रास्रीची ओळख आहे.

१८७०-७१च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात फ्रान्सने आल्सास गमावला आणि तो जर्मनीकडे गेला, तेव्हा फ्रेंच नागरिकत्व टिकवण्यासाठी अनेक कुटुंबांनी गाव सोडले. पॅरिसमध्ये लेओनार लिप यांनी १८८० साली उघडलेली ब्रास्री याच काळातली. म्हणून ब्रास्री ही निर्वासितांची देणगी मानण्याचा प्रघात आहे. परंतु हॉफेर युद्धाच्या चौतीस वर्षे आधी ल्योंत स्थिरावले होते आणि पॅरिसची बोफिंजेर ही ब्रास्रीही १८६४ची आहे, हे विसरल्यास त्या कारागिरांच्या जुन्या स्थलांतरावर अन्याय होतो.

आजची आर्ट डेको, म्हणजे ठळक भौमितिक आकारांच्या शैलीतील सजावट १९२०च्या दशकातली आहे. मधल्या काळात बंद पडलेले बिअरचे उत्पादन २००४ साली पुन्हा सुरू झाले, आणि आता शुक्रूतच्या ताटाशेजारी त्याच वास्तूत बनलेल्या बिअरचा पेला ठेवला जातो.