नाडीपासून अस्तरापर्यंत

इंदूरच्या रामबागेतल्या मराठी आजोबांना नाडी बघणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. बीपीचा पट्टाही आता घरोघरी आहे. पण तोच पट्टा हाताला पाच मिनिटं आवळून ठेवायचा आणि सोडल्यावर दंडातली धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीने मोजायचं, म्हटलं की कपाळावर आठी पडते. कशासाठी ही उठाठेव?

नाडी कागदावर उतरवणारं यंत्र फ्रान्सच्या मारे यांनी १८६०च्या सुमारास बनवलं. लंडनमध्ये त्यात सुधारणा केली फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण डॉक्टरने. त्याचे आजोबा मूळचे पाटण्याचे! वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसातही रक्तदाब चढलेला असू शकतो, हे त्याने नाडीच्या आलेखावरून ओळखलं. १८८४ साली, पस्तिशीतच, विषमज्वराने तो गेला. दंडाचा पट्टा आला १८९६ मध्ये, इटलीच्या रिव्हा-रोच्चींचा.

तरीही धमनी म्हणजे रबरी नळी, हीच समजूत पुढे कित्येक वर्षं टिकली. ती मोडली एका चुकीमुळे. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीतून कापलेल्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. ॲसिटिलकोलीन हे रसायन घातलं की पट्टी आकसायची. १९७८ मध्ये प्रयोगाच्या क्रमात सहायकाची गफलत झाली आणि धमनी चक्क सैलावली. शोध घेतल्यावर उलगडलं की एरवी पट्टी कापताना आतलं नाजूक अस्तर घासून निघत होतं. सैल होण्याचा निरोप तेच अस्तर देत होतं. १९८०मध्ये हे छापून आलं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे १९८७पर्यंत स्पष्ट झालं आणि १९९८मध्ये फर्चगॉट यांच्यासह तिघांना नोबेल मिळालं.

दरम्यान १९९२मध्ये डॉक्टर सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी हाताला पट्टा आवळून सोडण्याची ही युक्ती मांडली. पट्टा सुटला की रक्ताचा लोंढा येतो, अस्तर शाबूत असेल तर धमनी रुंदावते. सिगारेट ओढणाऱ्यांत आणि वारशाने कोलेस्टेरॉल फार वाढलेल्या मुलांतही ती कमी रुंदावली. हृदयविकाराचा त्रास सुरू होण्याच्या कितीतरी आधी.

मग ही तपासणी गल्लोगल्ली का नाही? चार मिलिमीटरच्या धमनीत पाच टक्के फरक म्हणजे जेमतेम ०.२ मिलिमीटर. मोजणाऱ्याचा हात जरा हलला की आकडा बदलला. शिवाय उपाशीपोटी जावं लागतं, कारण तेलकट जेवणानंतर काही तास अस्तर सुस्तावतं. इंदूरच्या सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, हाणून थेट तपासणीला गेलात, तर आकडा गराडूचाही असेल.