पेपरात न मावणारी कॉमिक्स

सोलापुरातली आमची पिढी कॉमिक्सला लागली ती दोन वाटांनी. एक, हातोहात फिरणारे इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक. त्यातल्या वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, गोष्टीचं शेवटचं पान हमखास गायब. दुसरी, १९९१पासून 'सकाळ'मध्ये येणारा चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा पोरगा दोन-तीन चौकटींत गंमत उरकायचा. उरकावीच लागायची, पेपरात जागाच तेवढी. वेबकॉमिक्सचा, म्हणजे इंटरनेटवर येणाऱ्या कॉमिक्सचा, इतिहास या जागेशी झालेल्या झटापटीचाच आहे, आणि माझी आवडही त्यातूनच ठरली: जे पेपरात मावलंच नसतं, ते आधी वाचावं.

सुरुवातीला अशी कॉमिक्स कमीच. १९९३मध्ये डेव्हिड फार्लीनं 'डॉक्टर फन' हे एका चौकटीचं व्यंगचित्र वेबवर आणलं. १९९५ साली बिल होलब्रुकचं 'केविन अँड केल' आलं, म्हणजे ससा आणि लांडगीण यांचा संसार. पडदा नवा, पण माप पेपरचंच. फरक एवढाच की मध्ये संपादक नव्हता. म्हणून १९९८मध्ये 'पेनी आर्केड'ला फक्त व्हिडिओ गेमवाल्यांना कळतील असे विनोद करता आले. ज्यांना गेमचं वेड नाही त्यांनी ते खुशाल सोडून द्यावं.

२००० साली स्कॉट मॅक्लाउड या कॉमिक्सकारानं मुद्दा मांडला की पडदा हे पान नाही, ती खिडकी आहे. तिच्यामागे चित्र हवं तेवढं पसरू शकतं. गंमत म्हणजे २००३मध्ये रायन नॉर्थनं नेमकं उलटं केलं. त्याच्या 'डायनासोर कॉमिक्स'मध्ये त्याच सहा चौकटी, तीच चित्रं, तोच टी-रेक्स पाय उचलून एका चिमुकल्या घरावर. बदलतात ते फक्त संवाद. एखादा संपादक आठवड्यात कंटाळला असता. इथे वर्षानुवर्षं चाललंय, आणि त्या घराचं काय होणार हे माहीत असूनही हसू येतं.

माझ्या यादीत सगळ्यात वर मात्र 'एक्सकेसीडी'. नासात काम केलेल्या रँडल मन्रोनं ते २००५मध्ये सुरू केलं. माणसं म्हणजे नुसत्या काड्या. मार्च २०१३मध्ये त्यानं 'टाइम' नावाचं एक चित्र टाकलं. दोन काड्यांची माणसं समुद्रकाठी वाळूचा किल्ला करतायत, बस्स. पण अर्ध्या तासानं चित्र किंचित बदललं, मग परत, पुढे तासातासानं, असं जुलैपर्यंत. एकूण ३,०९९ चित्रं. पाणी का चढतंय याचा शोध घेत ती दोघं डोंगराकडे निघतात. रात्रीच्या आकाशातले तारे ताडून वाचकांनी ही गोष्ट हजारो वर्षं पुढची आहे हे हुडकून काढलं. विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार २०१४मध्ये 'टाइम'ला मिळाला. आता ते सलग बघता येतं. घाई मात्र करू नये.

तिकडे कोरियात २००३च्या सुमारास कांग फुल या कॉमिक्सकारानं वरून खाली सरकत जाणारी लांबच लांब गोष्ट रुळवली. 'वेबटून' म्हणतात ते हेच, आणि पुढे ते फोनला अगदी चपखल बसलं. आपल्याकडे २०१६नंतर डेटा स्वस्त झाला, तशी सोलापुरात सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघणारी पोरंही अंगठ्यानं कॉमिक्स सरकवू लागली. यातलं रेचेल स्माइथचं 'लोर ऑलिंपस' रंगांसाठी वाचावं. गोष्ट जरा ताणलीय, हे माझं मत.

सोलापूरकरांनी पहिलं कुठलं उघडावं, असं विचाराल तर 'ग्रीन ह्यूमर'. नागपूरचा रोहन चक्रवर्ती २०१०पासून प्राणी-पक्ष्यांवर ही इंग्रजी मालिका काढतोय. माळढोकही त्यात येऊन गेलाय, आणि त्याचं अभयारण्य तर आपल्या बार्शी रस्त्यावर, नान्नजला.