पायरी कुठे आहे, हे कोण नोंदवणार? सुगम्यता, मोबाइल आणि खान्देश : पार्श्वभूमी

खान्देशात दिव्यांगांना मदत म्हटले की वर्षानुवर्षे साहित्यवाटपाचे शिबिरच डोळ्यांपुढे येत आले आहे: तालुक्याच्या गावी मांडव, ओळीने उभ्या केलेल्या तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रे आणि मान्यवरांची भाषणे. साहाय्यक साधने पुरवणारी केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे आणि तिच्यातून असंख्य घरांत उपयोगी वस्तू पोहोचल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र मिळालेली सायकल घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न शिबिराच्या कक्षेबाहेरच राहिला. कचेरीच्या दारातल्या पायऱ्या, बँकेचा उंबरठा आणि एसटीची गुडघ्याएवढी पहिली पायरी जिथल्या तिथेच होती. एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत मिळते. ती वापरण्यासाठी अनेकांना आधी कोणीतरी उचलून गाडीत बसवावे लागते.

हा प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे, ही भूमिका कायद्यात टप्प्याटप्प्याने आली. १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींत रॅम्पची तरतूद मांडली, पण ती ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशा शब्दांत, म्हणजे पळवाट ठेवूनच. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात सुगम्यतेला, म्हणजे दिव्यांगांना कुठेही अडथळ्याविना वावरता येण्याला, स्वतंत्र कलम मिळाले, भारताने तो २००७ मध्ये स्वीकारला आणि त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला, ज्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून २१ झाले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी पाच वर्षांची मुदत ठरली. त्याआधी ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘सुगम्य भारत अभियाना’त निवडक ५० शहरांतील महत्त्वाच्या सरकारी इमारतींच्या तपासणीचे उद्दिष्ट होते. अशा तपासणीची मर्यादा उघड आहे. तपासणारा एकदा येऊन जातो, तर त्या दारातून रोज जावे लागणाऱ्याला पायरी, खड्डा आणि रॅम्पसमोर लावलेल्या मोटारसायकली रोज भेटतात. शिवाय चोपडा, शहादा किंवा साक्री यांसारख्या गावांपर्यंत अशी तपासणी कधी पोहोचणार, हा प्रश्न उरतोच.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग नकाशातून आला. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातले यंत्र काही मीटरांच्या फरकाने जागा सांगू लागले. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा कोणालाही भर घालता येईल असा नकाशा सुरू झाला. त्याच्या आधारावर बर्लिनमधील ‘सोझियालहेल्डेन’ या संस्थेने २०१० मध्ये ‘व्हीलमॅप’ आणला. त्यामागचे कारण अगदी साधे होते. संस्थेचे एक संस्थापक राउल क्राउटहाउझेन चाकाच्या खुर्चीवर वावरतात. मित्रांना भेटायचे तर ते नेहमी एकाच कॅफेत भेटत, कारण आत जाता येईल याची खात्री फक्त तिथलीच होती. नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग ठरले. पायरीविना प्रवेश असेल तर हिरवा, सुमारे सात सेंटीमीटरपर्यंतची एकच पायरी असेल तर पिवळा, आणि ज्या जागेची कोणीच नोंद केलेली नाही ती राखाडी.

दरम्यान फोनही बोलू लागला. २००९ मध्ये आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ आल्यावर दृष्टिहीन माणूस स्पर्शपडद्याचा फोन स्वतः चालवू शकला, आणि २०१५ मध्ये डेन्मार्कमधून आलेल्या ‘बी माय आइज’ने व्हिडिओवरून डोळसांची नजर त्याला उसनी मिळवून दिली. आपल्याकडे २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावरच हे सारे गावापर्यंत आले.

सरकारी बाजूने २ मार्च २०२१ रोजी ‘सुगम्य भारत’ हे ॲप आले, ज्यात अडचणीच्या जागेचे छायाचित्र ठिकाणासह पाठवता येते. माझ्या मते तक्रार आणि नोंद यांतला फरक इथे ध्यानात ठेवायला हवा, कारण तक्रारीने पायरी पुढे कधीतरी हटेल, पण उद्या त्या कचेरीत जाणाऱ्याला ती आहे हे आजच कळायला हवे. छायाचित्र कसे काढले यालाही महत्त्व आहे. रॅम्पच्या उताराचे प्रमाण १:१२ मानले जाते, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबी लागते. जागा नाही म्हणून दोन फुटांत सिमेंट ओतून केलेली घसरगुंडी समोरून काढलेल्या फोटोत उत्तम रॅम्पच दिसते; बाजूने, मोजपट्टी लावून काढलेल्या फोटोत तिचे खरे रूप कळते.

बाहेर घडलेले निकष खान्देशात जसेच्या तसे पुरत नाहीत. तापीकाठच्या काळ्या जमिनीत मार्चमध्ये सहज जाणारी तीनचाकी जुलैत चाकाच्या आऱ्यांपर्यंत रुतते, त्यामुळे एकच वाट उन्हाळ्यात हिरवी आणि पावसाळ्यात लाल ठरते. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ‘मागच्या बाजूने वळसा घालून या’ हा सल्ला सुगम्यतेत मोजता येत नाही. यासाठी रंगाबरोबर शब्दांत टीप लिहिण्याची सोय ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहे, आणि ती इथे अधिक कामाची ठरावी. अक्कलकुवा, धडगावच्या सातपुड्यात रेंजचा भरवसा नसतो. तिथे जागेविषयी सोपे प्रश्न विचारून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भर घालणारे ‘स्ट्रीटकंप्लीट’सारखे ॲप सोयीचे पडते, कारण नकाशा आधी उतरवून घेतला की प्रश्नांची उत्तरे जागेवर भरून नंतर रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतात. भाषेची अडचण मात्र त्याने सुटत नाही. अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या आणि वाचता न येणाऱ्या वृद्धाची नोंद अजून तरी शेजारच्या कॉलेजकुमाराच्या फोनवरूनच व्हावी लागते.

नोंदीला कायद्याचे बळ किती, हा मुद्दा अलीकडे पुन्हा पुढे आला आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन व्यक्तीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींच्या रूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, आणि सक्तीचे निकष वेगळे काढण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. तालुक्याच्या कचेरीतल्या रॅम्पचा फोटो कोणत्या मोजमापाशी ताडायचा आणि त्यात तो उतरला नाही तर जबाबदारी कोणाची, हे त्या निकषांवरच अवलंबून आहे.