दोघांनीच स्की-टूरिंगला निघताय? सामान नेण्याआधी हे वाचा

आमच्याकडे स्की, बूट आणि दोर भाड्याने न्यायला लोक बहुधा जोडीने येतात. कॉलेजपासूनचे मित्र, सह्याद्रीत दहा-पंधरा वर्षं एकत्र भटकलेले, लिंगाण्यावर जाऊन आलेले. आता हिमनदीचा डोंगर स्कीवर चढून स्कीवरच उतरायचाय. हे पत्रक अशा दोघांसाठी आहे.

स्की-टूरिंगमध्ये लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची पट्टी चिकटवतात. तिची लव एकाच दिशेला असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर (अंगोरा बकरीचे केस) किंवा नायलॉनची असते. चढताना टाच मोकळी ठेवायची. माथ्यावर स्किन सोलायची, टाच अडकवायची आणि सुटायचं.

गुलमर्गला स्की शिकून या, जरूर या. पण तिथल्या उतारांवर हिमनदी नाही, त्यामुळे तिथे चार हिवाळे काढलेल्यालाही क्रेव्हास, म्हणजे हिमनदीतली भेग, नवीनच असते. इटलीतल्या ग्रान पारादिझोचं (4,061 मीटर) उदाहरण घ्या. वसंतात स्कीवाले सुमारे 2,700 मीटरवरच्या हटमधून पहाटे निघतात आणि माथ्याचा खडकाळ शेवट पायी करतात. म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड पाठोपाठ दोनदा, तोही विरळ हवेत. दमसास तुम्ही कमवालच. आम्हाला काळजी दोराची आहे.

चौघे असतील तर एक भेगेत गेला की तिघे धरतात. दोघांत धरणारा एकटाच, आणि मित्राचं वजन कमरेवर पेलत बर्फात अँकरही, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, त्यालाच रचायचा. म्हणून 50 मीटरच्या दोराचे साधारण तीन भाग करा: मधला दोघांच्या मध्ये, उरलेले दोन एकेकाच्या सॅकमध्ये. मधल्या भागात चार-पाच गाठी मारा. पडणाऱ्याच्या वजनाने दोर भेगेच्या काठात रुततो, गाठ तिथे अडकते आणि वरच्याचा भार हलका होतो. पण गाठींचा दोर पुलीतून ओढता येत नाही. तेव्हा सॅकमधला कोरा दोर खाली सोडायचा. तो दोघांकडेही का हवा, हे आता वेगळं सांगायला नको.

उतरताना बहुतेक जण दोर सोडतात, कारण बांधलेल्या अवस्थेत नीट वळता येत नाही. त्या वेळी सगळा दोर मागच्याकडे द्या. दोरासकट पुढचाच आत गेला, तर वर उरलेल्याने काय करायचं? हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, मात्र हिमनदी संपेपर्यंत दोघांच्याही अंगावर हवा.

हिमस्खलनाचा धोका प्रामुख्याने 30 ते 45 अंशांच्या उतारांवर, आणि स्कीला मजाही नेमकी तिथेच. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला नाही तर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. मदतपथक तेवढ्यात पोचत नाही. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग काढणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं ही तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून किमान 20 सेंटीमीटर लांब ठेवा, शोधताना 50. आम्ही रविवारी सकाळी तळजाई टेकडीवर झुडपात ट्रान्सीव्हर लपवून सराव घेतो. फिरायला आलेले आजोबा "काय, सोनं सापडतंय का?" विचारतात, तिकडे लक्ष देऊ नका.

बूट बघायला संध्याकाळी या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. मोजा एकच आणि पातळ. ट्रेकचे दोन जाड मोजे चढवून आलात तर परत पाठवू, राग मानू नका.

स्किन घरी नेल्यावर माळ्यावर टाकू नका. एका मे महिन्यात आम्हीच चार जोड्या पत्र्याखालच्या खोलीत विसरलो. गोंद वितळून पट्ट्यांची गुंडाळीच झाली, चारही जोड्या फेकाव्या लागल्या. डोंगरावर थांबलात की स्किन जाकिटाच्या आत ठेवा, गार गोंद चिकटत नाही.

विम्याची पॉलिसी शब्दशः वाचा: हिमनदी आणि हेलिकॉप्टरने सुटका, दोन्ही त्यात लिहिलेलं हवं.

शेवटी आमची अट. दुकानाच्या तुळईवरून दोघांनी एकमेकांना एकदा ओढून वर काढल्याशिवाय दोर मिळत नाही. सरावाला दोन तास लागतात, पैसे वेगळे घेत नाही. "मी शिकतो, त्याला घरी दाखवतो" हे चालणार नाही. भेगेत तुम्ही पडलात तर ओढणारा तोच आहे, त्यालाही सोबत आणा.