प्लायवूडचा हौद फुगतो कुठे?

घरात मासे पाळायचे म्हटलं की आपण काचेची टाकी बघायला जातो आणि मोठ्या टाकीची किंमत ऐकून गुपचूप परत येतो. पण मासे वरूनच बघायचे असतील तर काच हवीच कशाला? प्लायवूडचा चौकोनी हौद, आत रबरी लायनर, म्हणजे पाणी अडवणारं अस्तर, झालं काम. शीट साधारण ८ फूट बाय ४ फुटाची येते, एक शीट लांबीतून मधोमध चिरली की दोन लांब भिंती झाल्या, दुसरीच्या अर्ध्यातून दोन आखूड भिंती, आणि तळ म्हणून जमीन आहेच, तिच्यावर फोम अंथरायचा. म्हणजे दीड शीटमध्ये २ फूट खोल हौद, काठोकाठ भरला तर १७०० लिटरच्या वर पाणी.

आता गंमत. मी पहिला हौद केला तेव्हा डोक्यात एकच, की दाब तळाशी जास्त असतो, म्हणून सगळ्या जाड पट्ट्या खाली ठोकल्या आणि वरचा काठ तसाच मोकळा सोडला. पाणी पाऊण हौद आलं आणि लांब भिंतीचा वरचा काठ मधोमध चांगला दोन बोटं बाहेर आला! खालचा भाग जागचा हलला नाही.

दाब तळाशी जास्त हे खरंच आहे, भिंतीचा सगळ्यात खालचा एक तृतीयांश भाग एकूण जोरातला निम्म्याहून जास्त जोर झेलतो. पण भिंत कुठे वाकणार ते नुसत्या दाबावर ठरत नाही, तिला कुठे कुठे धरलंय त्यावर ठरतं. खाली धरलेली, दोन्ही कोपऱ्यांत धरलेली, आणि वरचा काठ मात्र ८ फूट मोकळा, मग पोट तिथेच सुटणार ना. दोन फुटी भिंतीवर एकूण जोर पडतो साधारण ४३० किलो वजनाएवढा, आणि वर-खाली दोन्हीकडे फ्रेम बांधली तर त्यातला दोन तृतीयांश खालची फ्रेम घेते आणि एक तृतीयांश वरची. म्हणजे वरच्या फ्रेमलाही १४० किलोच्या वर पेलायचंय. त्यात मधोमध एक आडवी पट्टी टाकून समोरासमोरचे काठ एकमेकांना बांधले की मोकळी लांबी निम्मी होते आणि वाक निम्मा नाही, साधारण सोळा पटीने कमी होतो. एका पट्टीत एवढं काम! प्लायच्या जाडीचंही तसंच आहे, १२ एमएमऐवजी १८ एमएम घेतला तर ताठपणा दीडपट नाही, तिपटीहून जास्त वाढतो. आणि खिळे नको, स्क्रू मारा, बाहेरच्या ओढीत खिळे हळूहळू निघत येतात.

अजून एक, जे लोकांना पटतच नाही. हौदाची रुंदी ४ फूट ठेवा नाहीतर १४ फूट, लांब भिंतीवरचा जोर तेवढाच राहतो, तो फक्त खोली आणि भिंतीच्या लांबीवर ठरतो. खोली दुप्पट केली तर जोर चौपट! म्हणून माशांसाठी जास्त पाणी हवं असेल तर हौद पसरवा, खोल करू नका. जमिनीचंही ऐका, २ फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ६०० किलो, आणि घराचा स्लॅब साधारण १५० ते २०० किलोच्या हिशोबाने बांधलेला असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर हा उद्योग इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको, तळमजल्यावर पक्क्या जमिनीवर खुशाल करा.

लायनर ईपीडीएम रबराचा, १ एमएम, माशांना चालतो असं लिहिलेलाच घ्या. लांबी काढताना हौदाची लांबी अधिक दोनदा खोली अधिक काठावर घ्यायला एक फूट, रुंदीलाही तेच. कोपऱ्यात कापायचा नाही, गिफ्ट पॅक करतो तशी घडी घालायची. प्लायला पाणी लागतच नाही मग, पण बाहेरून दमट हवा लागते, म्हणून वॉटरप्रूफ गोंदाचा प्लाय बरा. पाण्यावर झाकण किंवा जाळी ठेवा, मासे उड्या मारतात आणि पाण्याची वाफही होत राहते, प्रत्येक लिटर वाफ होताना विजेच्या ०.६८ युनिटएवढी उष्णता घेऊन जातो, आणि ती वाफ मग घराच्या भिंतीवर बुरशी आणते.

हौद भरला म्हणून लगेच मासे सोडायचे नाहीत. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात, तो त्यांनाच विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सुसह्य. ही मंडळी फिल्टरच्या स्पंजवर जमायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर पाण्यात थोडा थोडा अमोनिया घालून त्यांना खायला द्यायचं. आणि स्पंज नळाखाली धुतला की संपलं, क्लोरीनने सगळे साफ. हौदातलंच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळायचा. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की गोल्डफिश आणा, पण दोन-तीनच, बाकीचे नंतर.