हरीण नेमकं कधी पळतं?

रानाला लागून घर असलं की हरणाची गाठ पडण्याचं नवल फार दिवस टिकत नाही. पहाटे दार उघडावं, तर कुंपणापलीकडे एक हरीण मान वर करून उभं असतं. आपण थबकतो, ते बघत राहतं. आपण एक पाऊल पुढे टाकलं तरी जागचं हलत नाही. आणखी दोन पावलं टाकली की मात्र झाडोऱ्यात दिसेनासं होतं. मग ते आधीच का पळालं नाही? आपण तर त्याला केव्हाच दिसलो होतो.

हरणाच्या भित्रेपणाची इतकी वर्णनं आपण ऐकलेली असतात की मधला तो थांबलेला वेळ नजरेतून सुटतो. खरी गंमत तिथेच आहे. वन्य प्राणी शत्रू दिसताक्षणी पळत नाही, शत्रू ठरावीक अंतराच्या आत आला की पळतो, हे स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलं. या अंतराला ‘पलायन अंतर’ म्हणतात. पुढे १९८६ मध्ये इडनबर्ग आणि डिल या दोन संशोधकांनी त्यामागचं गणित उलगडलं. पळणं फुकट नसतं. तोंडातला घास सुटतो, ताकद खर्ची पडते, चांगलं कुरण सोडावं लागतं. उलट थांबून राहिलं तर जिवाची जोखीम असते, आणि शत्रू जवळ येईल तशी ती वाढत जाते. थांबणं पळण्यापेक्षा महाग पडू लागलं की हरीण उडी घेतं. दिवसातून दहादा उगीच पळणारं हरीण वाघाच्या तोंडी पडणार नाही कदाचित, पण ते उपाशी राहील.

हे अंतर कायमचं ठरलेलं नसतं, त्यामुळे ते आपल्या वागण्याने बदलतं. थेट त्याच्या रोखाने चालत गेलात तर ते लवकर पळेल. तिरकं, जणू दुसरीकडेच निघाल्यासारखं गेलात तर बराच वेळ थांबेल. रुळलेल्या पायवाटेवरच्या माणसाला हरणं जितकं चालवून घेतात, तितकं वाट सोडून आत शिरलेल्याला घेत नाहीत. सोबत कुत्रा असेल तर विषयच संपला. याउलट मोटारीतल्या माणसाची भीती पायी चालणाऱ्यापेक्षा कमी. आडोसा किती लांब आहे, हेही त्यात धरलेलं असतं.

हिशेबासाठी माहिती लागते, आणि हरणाकडे ती येते जरा वेगळ्या रूपात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला सुमारे ३०० अंशांचा परिसर दिसतो. पण बारकावे आपल्याइतके स्पष्ट दिसत नाहीत. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्यात तीन प्रकारच्या, हरणात दोनच. त्यामुळे तांबडा आणि नारिंगी रंग त्याच्या दृष्टीने मळकट असतात, निळा मात्र चांगला दिसतो. हालचाल झाली की नजर लगेच तिकडे वळते. थोडक्यात, स्तब्ध उभा असलेला माणूस त्याच्यासाठी एक संशयास्पद आकार असतो. म्हणून ते मान खालीवर करून वेगवेगळ्या कोनांतून पाहतं, पुढचा पाय जमिनीवर आपटतं. आपण बिचकून हललो की त्याला उत्तर मिळालं! वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर एवढाही खटाटोप करावा लागत नाही. वासानेच निकाल लागतो.

कधी कधी ते पळण्याऐवजी ओरडतं. भेकराचं भुंकणं रात्री ऐकलेल्या माणसाला ते हरणाचं आहे हे पटवून द्यावं लागतं. ठरावीक अंतराने, कितीतरी वेळ ते चालूच राहतं. शिकारी जवळ असताना स्वतःचा ठावठिकाणा असा का जाहीर करावा? युरोपातल्या रो हरणांचं भुंकणं अभ्यासणाऱ्यांच्या मते हा निरोप इतर हरणांसाठी असेल तसाच खुद्द शिकाऱ्यासाठीही असू शकतो: तू दिसलास. दबा धरून येणाऱ्याची सगळी भिस्त अचानक गाठण्यावर असते. ती संधी हुकली की पाठलागात त्याला फारसं काही मिळत नाही.

मग अशी चौकस जनावरं घरांच्या इतक्या जवळ येतातच कशाला? परसातला कोवळा पाला हे एक कारण झालं. दुसरं जरा अनपेक्षित आहे. मूस हे हरणांच्या कुळातलं सर्वांत मोठं जनावर. अमेरिकेतल्या यलोस्टोन परिसरात तपकिरी अस्वलं पुन्हा पसरू लागली, तशा तिथल्या मूसच्या माद्या विण्यासाठी डांबरी रस्त्यांच्या जवळ सरकल्या, असं जोएल बर्गर यांनी दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. अस्वल रहदारी टाळतं, म्हणून माणसाचा शेजार पिल्लासाठी बरा. तेव्हा अंगणाजवळ रेंगाळणारी हरिणी आपल्यावर विसंबली आहे असं समजू नये. तिने दोन धोक्यांतला लहान धोका निवडलेला असू शकतो.

पाडसाचा प्रश्न मात्र निराळा आहे. पहिल्या काही दिवसांत त्याला आईच्या वेगाने पळताच येत नाही, म्हणून ते गवतात चिकटून पडून राहतं. अमेरिकेतल्या शुभ्रपुच्छ हरणांच्या पाडसांत असं दिसलं आहे की धोक्याची चाहूल लागताच हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी झपाट्याने कमी होतात आणि श्वासही मंदावतो. अंगाला वास जवळजवळ नसतो. आई त्याची विष्ठा आणि मूत्रसुद्धा चाटून साफ करते. स्वतः ती दूर चरते आणि दिवसातून मोजक्या वेळा दूध पाजायला येते. एकटं सापडलेलं पाडस म्हणजे आईने टाकलेलं पाडस, असं समजून लोक ते घरी उचलून आणतात. ही मदत नव्हे, आईपासून केलेली ताटातूट आहे. (माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, ही समजूतही खरी नाही. चुकून उचललं असेल तर होतं तिथेच ठेवून यावं.) लपण्याचा हा उपाय कोल्ह्यापासून वाचवतो, गवत कापणाऱ्या यंत्रापासून नाही. जर्मनीत कापणीपूर्वी उष्णता टिपणारे कॅमेरे लावलेले ड्रोन कुरणांवरून फिरवतात आणि पाडसं शोधून बाजूला नेतात.

रात्रीच्या रस्त्यावर तर हा हिशेब पार कोलमडतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर गाडीचा झोत पडला की हरणाला काही क्षण धड दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या वस्तूचं अंतर मोजायचं कसं? ते थिजून उभं राहतं. संध्याकाळ आणि पहाट या त्याच्या वावराच्या वेळा असल्याने धोकाही तेव्हाच जास्त. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की वेग वाढवू नका, मागोमाग दुसरं येण्याची शक्यता असते. आणि गाडी झटक्याने वळवण्यापेक्षा सरळ ठेवून ब्रेक लावणं बरं. झाडावर आदळणं जास्त जीवघेणं ठरतं.

राहिला खाऊ घालण्याचा मोह. हरणाच्या पोटातले सूक्ष्मजीव पाल्याला सरावलेले असतात. एकदम भरपूर धान्य खाल्लं तर पोटात आम्ल वाढून जनावर मरूही शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हातून खाणाऱ्या हरणाचं पलायन अंतर शून्यावर येतं. मादीच्या बाबतीत ते एक वेळ निभावतं. नर मात्र माजावर आला की त्याला समोर प्रतिस्पर्धी हवा असतो. रानटी नर माणूस पाहून बाजूला होतो. माणसाळलेल्या नराला दूर सरण्याचं कारणच उरलेलं नसतं, म्हणून हरणं सांभाळणारे लोक अशा नराला रानटी नरापेक्षा जास्त वचकून असतात.