विष नव्हतंच, मग मुलं पडली कशी?

शाळेत एकाच वेळी अनेक मुलांना चक्कर येते, 'विषबाधा' अशी बातमी झळकते आणि तपासणीत काहीच निघत नाही. मग निष्कर्ष ठरलेला: एकतर पोरं नाटक करत होती, नाहीतर बाहेरची बाधा. दोन्ही चूक.

अमेरिकेत टेनेसीमधल्या एका शाळेत १२ नोव्हेंबर १९९८ रोजी एका शिक्षिकेला पेट्रोलसारखा वास आला. डोकं दुखू लागलं, मळमळलं, धाप लागली, पाठोपाठ विद्यार्थ्यांनाही. त्या दिवशी सुमारे १०० जण रुग्णालयात पोचले, ३८ जणांना रात्रभर ठेवून घेतलं. शाळा पुन्हा उघडल्यावर आणखी ७१. कसून तपासूनही विष सापडलं नाही. मात्र दुसऱ्याला आजारी पडलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांच्यात त्रासाचं प्रमाण जास्त होतं.

अशा प्रसंगी बरेचदा घडतं ते असं. घाबरलं की श्वास भराभर चालतो. रक्तात ऑक्सिजन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो, तो फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र भसाभस बाहेर पडतो. तो पाण्यात विरघळून आम्ल बनवतो, म्हणजे तो घटला की रक्ताची आम्लता उतरते. आता खरी गंमत! रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बसलेले असतात. आम्लता उतरली की त्यातले काही उठतात आणि रिकाम्या खुर्च्यांवर कॅल्शियमचे आयन बसतात. एकूण कॅल्शियम तेवढंच, पण मोकळं फिरणारं कमी. चेतातंतूंमधल्या सोडियम-वाहिन्यांना, म्हणजे सोडियम आत सोडून संदेश सुरू करणाऱ्या दारांना, आवर घालतं ते हेच मोकळं कॅल्शियम. ते घटलं की चेतातंतू विनाकारण संदेश सोडू लागतात. ओठांभोवती मुंग्या येतात, हात आखडतात, बोटं वाकडी होतात. शिवाय कार्बन डायऑक्साइड घटल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं. श्वास पुरत नाही असं वाटून माणूस तो आणखी जोरात घेतो.

ती वाकडी बोटं शेजारच्या मुलीला दिसतात आणि तिचाही श्वास वाढतो. मांत्रिकाला यात भूत दिसतं, वृत्तवाहिन्यांना 'गूढ आजार'. कॅमेरे आणि सायरन तर नवे रुग्णच तयार करतात.

म्हणून हवा-पाणी आधी तपासावंच, कारण खऱ्या वायुगळतीची सुरुवातही अशीच दिसू शकते. त्रास होणाऱ्यांना गर्दीपासून दूर, शांत जागी बसवून श्वास हळू सोडायला लावावा. कागदी पिशवी तोंडाला लावण्याचा जुना उपाय मात्र नको: मूळ दुखणं दम्याचं किंवा हृदयाचं असेल तर ऑक्सिजन कमी पडून ते जिवावर बेतू शकतं.